पायाखालचा डिपर

परवा खाप्याहून नागपूरला परतताना एक गोष्ट घडली. दोन दिवस झाले, मनातून जात नाही... म्हणून तुम्हा मित्रांसाठी लिहून काढतो आहे.

मी दवाखान्याची जीप चालवतो. खेड्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलो, आता पन्नाशीला टेकलो. त्या दिवशी सोबत फक्त सुमन सिस्टर होत्या. खाप्यातल्या मुलांना लसी देऊन निघेपर्यंत संध्याकाळ झाली.

थंडीचे दिवस. सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे आणि शेतांवर हळूहळू उतरणारं धुकं. लांबवर खापरखेड्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर आभाळाला टेकून उभा होता... तोही कुठे जात नव्हता, आणि वाटत होतं, आम्हीही नाही.

आमच्या जीपच्या डॅशबोर्डवर हॅन्ड थ्रॉटलची एक घुंडी आहे. ती बाहेर ओढून ठेवली की पाय उचलला तरी गाडी त्याच वेगाने चालत राहते. खरं तर ती उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायला... पण माझा उजवा गुडघा दुखतो.

मोकळा रस्ता दिसला की मी घुंडी ओढतो आणि पाय सैल सोडतो. अशा वेळी वाटतं, गाडी आपण चालवतच नाही. कोणीतरी नेतं आहे, आपण नुसते बसलो आहोत...

दिव्यांचं मात्र माझं एक जुनं दुखणं आहे. जीपचा डिपर डाव्या पायाखाली असतो. बटण पायाने दाबलं की हेडलाइटचा उजेड खाली येतो, पुन्हा दाबलं की वर जातो.

आमच्या घरी दिवा कधी फुंकून विझवला नाही. आई फुलाने मालवायची, वर दिव्याला म्हणायची, ‘येतो म्हण रे बाबा.’ त्या घरचा मी... आणि रोज दिव्याला पाय लावतो.

म्हणून माझा एक नेम आहे. दिवेलागणीला हेडलाइट लावले की दोन्ही हात जोडायचे आणि क्षणभर डोळे मिटायचे. एरवी त्या क्षणी ॲक्सिलरेटरवरचा पाय आपसूक उचलला जातो, गाडी मंद होते. इतकी वर्षं काही बिघडलं नाही.

परवा हेडलाइट लावले, हात जोडले, डोळे मिटले... आणि घुंडी ओढलेली आहे हे विसरलो.

“काका, मानूस!” सिस्टर ओरडल्या.

डोळे उघडले तर जीप डाव्या हाताला कच्च्यात उतरत होती. आणि समोर, हेडलाइटच्या पूर्ण उजेडात, एक म्हातारे गृहस्थ उभे होते. खांद्यावर लुगड्यांचं गाठोडं... आणि दोन्ही हात माझ्याकडे जोडलेले.

मी ब्रेकवर उभाच राहिलो. पण घुंडी ओढलेली, त्यामुळे इंजिन गाडीला पुढेच रेटत होतं. घाईघाईने घुंडी आत ढकलली, तेव्हा कुठे जीप थांबली. बंपर आणि त्यांचं धोतर यात हातभर जागा उरली होती.

ते तसेच उभे होते. हात अजून जोडलेले.

मी खाली उतरलो. विचारलं, “बाबाजी, बाजूले काहून नाही झाले?”

“दिवा दिसला, हात जोडले,” ते म्हणाले. “एवढ्या उजेडात गाडी कोनाले दिसते बापू? मले वाटलं, चालवनाऱ्याचे तरी डोये उघडे असतीन.”

मी त्यांना रस्त्याच्या कडेला बसवलं. आम्ही दोघंही एकाच दिव्याला हात जोडून होतो, आणि त्या दिव्यापुढे हा माणूस मरणार होता... माझ्या हातून, माझ्या भक्तीपायी.

सिस्टरनी थर्मासमधला चहा दोघांना दिला. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “काका, आम्हीपण संध्याकाळी डोळे मिटून बुद्धवंदना म्हणतो. पण घरी बसून... चालत्या जीपमध्ये नाही!” रागात होत्या, पण माझा कप त्यांनी पुन्हा भरला.

बाबाजी खाप्याचे विणकर. लुगडी विकून, उरलेली खांद्यावर टाकून पायी घरी निघाले होते. आम्ही जीप वळवली आणि त्यांना मागच्या सीटवर बसवलं. या वेळी घुंडीला हात लावला नाही. दुखऱ्या गुडघ्याने, हळूहळू चाललो.

पुढून एक सायकलवाला आला. सवयीने मी डावा पाय दाबला. उजेड खाली झुकला, सायकलवाला निवांत निघून गेला... मी पुन्हा पाय दाबला, उजेड वर आला.

मागून बाबाजी हसले. “पाहा वं बाई,” ते सिस्टरना म्हणाले, “बापूचा दिवा मोठा संस्कारी आहे. मानूस दिसला का मान वाकवते.”

खाप्याचे दिवे दिसेपर्यंत ते वाक्य माझ्यासोबत चालत राहिलं... इतकी वर्षं मला वाटत होतं, मी दिव्याला पाय लावतो. खरं तर दिवाच माझ्या पायाच्या निमित्ताने समोरच्या माणसाला नमस्कार करत होता.

काल संध्याकाळी हेडलाइट लावायची वेळ झाली तेव्हा जीप आधी कडेला उभी केली. काचा पुसल्या, दिवे लावले, हात जोडले आणि मग निघालो. वाटेत जो जो समोरून आला, त्याच्यासाठी दिवा वाकवला... डोळे सताड उघडे ठेवून.