मधातल्याचा वाटा

चाचा कुणाच्या हाती काही पाठवत, तेव्हा नेणाऱ्याचा वाटा आधी काढून ठेवत. संत्री पाठवली तर दोन पिशव्या, चिवडा पाठवला तर दोन पुड्या. "मधातला मानूस उपाशी राह्यला तर दुसऱ्याचं खाते," म्हणत. "त्याचं त्याले देऊन टाका, मंग चीज नीट पोचते."

अमरावतीच्या आमच्या छोट्या कंपनीत सर्व्हरचं सगळं काम चाचांकडे, आणि मी त्यांच्या हाताखाली. लागल्या लागल्याच मी गोंधळ घातला. एका दवाखान्याचा प्रोग्रॅम आम्ही कंटेनरमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एका बंद कप्प्यात, चालवत होतो. त्याच्या फाइलीत मी रोजच्या बॅकअपची कमांड लिहिली, पासवर्डच्या जागी डॉलरचं चिन्ह आणि पुढे नाव, म्हणजे चालताना तिथं खरा पासवर्ड आपोआप भरला जावा. बॅकअप रोज रिकामा. कमांड वाचून वाचून डोळे दुखले, चूक काही दिसेना. शेवटी रडूच आलं.

"कावून रडून राहिली? ही फाइल दोघं वाचतेत," चाचा म्हणाले. "पयले कंटेनर उभा करनारा, मंग आतला शेल, कमांड चालवनारा. पयल्याले डॉलर दिसला का थो आपलाच समजते, अन् आपल्याजवळचं भरते. त्याच्यापाशी तर काहीच नाही. दोन डॉलर लिव. एक त्याचा, एक आतल्याचा." मी लिहिले. बॅकअप भरला. असं शिकवलेलं माणूस जन्मात विसरतं का?

मी मूळची अकोल्याची, दर शनिवारी घरी जायची. हे कळल्यापासून चाचा माझ्याकडे दोन डबे देऊ लागले. एक माझा, एक सनाचा. सना त्यांची एकुलती एक लेक, अकोल्यातच राहायची. तिनं आपल्या मनानं लग्न केलं, चाचा निकाहाला गेले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद. सना दारातच डबा घ्यायची आणि मागच्या आठवड्याचा घासूनपुसून परत द्यायची. रिकामा. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. तिला काय हे ठाऊक नव्हतं?

सोमवारी चाचा माझ्या टेबलापाशी येत, झाकण उघडून आत पाहत आणि पुन्हा लावून टाकत. "पोचला ना? बस," म्हणत. मला सनाचा भारी राग यायचा, आणि खरं सांगते, चाचांचाही. फोन करायला काय हात मोडले होते? एकदा तसं बोललेही. "निकाहात मी नाही गेलो पोरी," ते म्हणाले. "आता तिचं मन होईल तवा होईल."

गेल्या हिवाळ्यात त्यांना हार्टचा त्रास होऊन दवाखान्यात ठेवलं. मी सनाला सांगितलं. तिनं दवाखान्याचं नाव विचारलं आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मी परत निघाले तेव्हा मात्र ती स्टँडवर आली आणि बसच्या खिडकीतून दोन डबे आत दिले.

"एक तुमचा," म्हणाली. "अब्बूंना सांगा, उद्या सकाळी मी येते."

मूर्तिजापूर गेल्यावर मी माझा डबा उघडला. चाचांचा नियमच होता तो. शेवया होत्या. अर्ध्या खाऊन झाल्या आणि चाचींचा फोन आला. चाचा गेले होते.

उरलेल्या शेवयाही मी खाल्ल्या. रडत रडत खाल्ल्या, शेजारची बाई बघत होती तरी. मग सरळ त्यांच्या घरी गेले. तोवर त्यांना घरी आणलं होतं. दुसरा डबा मी चाचींच्या हातात दिला. "सनानं पाठवलाय," म्हटलं.

चाचींनी झाकण उघडून आत पाहिलं. "भरून आला वं पोरी," म्हणाल्या, आणि डबा तसाच उघडा नेऊन चाचांच्या उशाशी ठेवला.