भिवाचे बासष्ट फूट

गुणाजी पालव म्हणजे देवमाणूस, असं आमच्या चाळीत अजून म्हणतात. म्हणोत बापडे. मी धोंडू सावंत, त्याच्याच खात्यात अठरा वर्षं चेकर होतो. त्याच्या चांगुलपणापायी एका बाईचे हात गेले, हे मला माहीत आहे. त्यात माझाही वाटा आहे, तो मी लपवणार नाही.

परळच्या आमच्या गिरणीत धोतरं-लुगडी विणणारे हजारो. आमचं खातं पार मागच्या अंगाला, बारा मागांचं. तिथे आगीच्या बंबाचे पाइप विणले जायचे. लोकांना वाटतं पाइप म्हणजे रबर. अहो, तेव्हा आगीवर पाणी जायचं ते कापडातून! जवसाच्या झाडाचा वाख विलायतेहून यायचा. त्याचं जाड सूत ओलं करून ठोकून ठोकून विणायचं, की अखंड नळीच तयार होते. शंभर फूट, मध्ये शिवण नाही की जोड नाही. पाणी सोडलं की आधी त्याला घाम फुटतो, मग सूत फुगतं आणि सगळी छिद्रं आपली आपण बुजतात. कापसाला हे जमत नाही.

पण या सुताचं एक दुखणं. माग ओल्या सुतावर दोन-तीन दिवस उभा राहिला की तिथे बुरशी धरते आणि पाइपवर पट्टा पडतो. तिथे पाइप कापायचा, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. मग शंभर फुटांचा पाइप न होता दोन तुकडे होतात. तुकडे बागेत झाडांना पाणी घालायला जातात.

सात नंबरच्या मागावर पहिल्या पाळीला भिवा, दुसऱ्या पाळीला गुणाजी. दोघे कणकवलीकडच्या एकाच वाडीतले. गुणाजी सडाफटिंग, लग्न केलं नाही, जेवायला भिवाकडेच. भिवाची बायको राधा हाताला चवीची. तिच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कढीसाठी हा बाबा दुसरी पाळी कधी चुकवायचा नाही, कारण दुपारची कढी गरम मिळायची. एकाने सोडलेला धागा दुसऱ्याने उचलायचा, असं नऊ वर्षं चाललं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही असं ऐकलं आणि गिरण्या ओस पडल्या. भिवाने भर पाळीत माग थांबवला. बासष्ट फूट झाले होते. "येतो रे धोंडू, जाऊन घोषणा देऊन येतो," म्हणाला. लालबागच्या नाक्यावर गोळी मानेत लागली. काठी नाही, दगड नाही, हातात काही नव्हतं मेल्याच्या.

सहा दिवसांनी गिरणी उघडली. सात नंबरवर भिवाचे बासष्ट फूट तसेच ताणलेले, आणि कडेला तळहाताएवढा काळपट पट्टा. गुणाजी मागासमोर आला. कात्री न घेता धोटा घेतला आणि पुढचे अडतीस फूट विणून टाकले.

पाइप माझ्याकडे तपासणीला आला. मी पाणी भरलं, दाब दिला. पाइप टिकला, पण पट्ट्याचा घाम काही थांबेना.

"काप," मी म्हटलं.

"धोंडू, भिवाच्या हातचं शेवटचं आहे रे. तुकडा करून कुणाच्या झाडांना पाणी घालायचं?"

"नियम आहे, गुणाजी. माझी नोकरी घालवशील."

तो माझ्यासमोर घळाघळा रडला. चाळीस वर्षांचा बाप्या! मला ते बघवेना. मी पाइप कापला नाही आणि गिऱ्हाइकाकडेही जाऊ दिला नाही. 'सेकंड' असा शिक्का मारला. सेकंडचा माल आगीच्या वेळेसाठी गिरणीच्याच भिंतींवर टांगला जायचा. मनात म्हटलं, भिंतीवर शोभेलाच तर राहायचाय, कोण बघतंय? झक मारली आणि तसं म्हटलं.

तो पाइप वेस्टच्या, म्हणजे टाकाऊ कापसाच्या, गोदामाच्या दाराशी टांगला गेला. दसऱ्याला मागांची पूजा झाली की गुणाजी झेंडूची एक माळ त्यालाही घालायचा. रोज पाळीवर येताना हात लावून पुढे जायचा.

इकडे राधाच्या घरात चूल कशी पेटावी? पदरात सहा वर्षांची शैला. गुणाजी माणसं कामाला लावणाऱ्या जॉबरच्या सहा महिने मागे लागला आणि त्याने तिला वेस्टच्या गोदामात कापूस निवडायला लावून दिलं. मला म्हणाला, "बरं झालं. भिवाची नजर राहील वैनीवर." करायला गेला गणपती अन् झाला मारुती, दुसरं काय!

अठ्ठावन्नच्या मार्चमध्ये दुपारी त्या गोदामात आग लागली. आत चार बायका. वेस्टचा कापूस आधी नुसता धुमसतो, मग एकदम भडकतो. दाराशी जाळ, मागे लोखंडी शटर अडकलेलं. गुणाजी सगळ्यांच्या आधी धावला. त्याने तोच पाइप ओढून काढला, तोटी धरली, आणि मी नळ सोडला. पाणी सळसळत गेलं. बासष्टाव्या फुटावर पाइप फाटला. सगळं पाणी अंगणात. गुणाजी हातात कोरडी तोटी घेऊन जाळासमोर उभा, "पाणी! धोंडू, पाणी!" म्हणून बोंबलतोय. मी फाटक्या जागेवर दोन्ही हात दाबून बसलो होतो. त्याने काय होणार होतं?

दुसरा पाइप येईपर्यंत राधाने ते तापलेलं शटर दोन्ही हातांनी उचलून धरलं. तिघी खालून निसटल्या. शेवटी ती निघाली. चार महिने ती इस्पितळात होती. बोटं एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. वाटीसुद्धा धरता येईना.

गुणाजीने मग तिचं घर चालवलं. पाणी भरलं, भाकऱ्या थापल्या, शैलाच्या वेण्या घातल्या. लोक म्हणाले, देवमाणूस. हे ऐकलं की तो मान खाली घालायचा. मला सांगायचा, "वैनीला सांगायला हवं रे." मी म्हणायचो, "गप बस. घरात दोन घास जातायत ते बंद होतील." दोन वर्षं त्याने ते पोटात ठेवलं. पाठीत वाकला, अन्न तुटलं.

साठ सालच्या एक मेला महाराष्ट्र झाला. सकाळी चाळीच्या अंगणात मांडव, पताका, पेढे. हुतात्म्याची बायको म्हणून राधाला साडी-नारळ द्यायचं ठरलं. मंडळाच्या अध्यक्षांनी नारळ पुढे केला, राधाने हात पुढे केले, आणि नारळ गडगडत खाली गेला. टाळ्या तिथेच थांबल्या. गुणाजीने नारळ उचलला, आणि तिला घरी घेऊन आला. मी मागोमाग गेलो, कारण मला त्याचं तोंड दिसलं होतं.

उंबऱ्यातच त्याने सगळं सांगितलं. पट्टा, कात्री, शिक्का. माझंही नाव घेतलं, बरोबरच घेतलं. "वैनी, भिवाचं शेवटचं काम होतं. माझ्याच्याने कापवलं नाही."

राधा साडीची घडी मांडीवर घेऊन बसली होती.

"भावजी," ती म्हणाली, "हे गेले त्या दिवशी बायका बांगड्या फोडायला आल्या. ह्यांनीच भरवलेल्या होत्या, आदल्या संक्रांतीला. मी हात पुढे केले." तिने ते हात वर करून आम्हाला दाखवले. "मला जमलं. तुम्हाला एक पाइप कापवला नाही?"

गुणाजी तसाच उठून गेला. दुसऱ्या दिवशी गावाला गेला तो पुन्हा आला नाही. शैलाच्या वेण्या मग माझी बायको घालायला लागली.