कडकचा चहा

कडक हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होते. कुठल्याही हॉटेलात शिरले की खुर्चीला पाठ टेकायच्या आधीच "एक कडक" म्हणून हाक जायची, त्यावरून सोबतच्या मेकॅनिकांनी ते नाव ठेवलं. पुढे ते इतकं चिकटलं की साहेबसुद्धा फोनवर विचारायचे, "कडक कुठल्या इमारतीत आहे आज?"

मी त्यांना ओळखते ती त्यांच्या बायकोमुळे. आम्ही दोघी शिलाईच्या कारखान्यात शेजारशेजारच्या मशीनवर बसतो. हॉस्पिटलांचे, हॉटेलांचे गणवेश शिवतो. मी कॉलर लावते, ती बटणपट्ट्या. माझ्याहून मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणते आणि त्या नात्याने ते माझे भावजी.

भावजींचं चहाचं तंत्र फार. पाणी खळखळून उकळल्याशिवाय पावडर पडता कामा नये. पावडर पडल्यावर भांड्याजवळून हलायचं नाही. दूध अगदी शेवटी, तेही रंग तांबूस राहील इतकंच. साखर नावाला. आणि गाळल्यावर गप्पा मारायच्या नाहीत, जाड काचेच्या ग्लासातून तोंड भाजेल असा प्यायचा. त्यांच्या त्या काळपट बोटांना चटका म्हणून बसायचा नाही. लिफ्टमध्ये अडकलेल्यांना बाहेर काढलं की घरोघरी त्यांना चहा व्हायचा. एक घोट घेऊन ते म्हणायचे, "पाणी छान आहे तुमच्याकडचं." बिचाऱ्या बायका खूश व्हायच्या.

लेकीचं लग्न ठरवायला गेले तेव्हाची गोष्ट ताई अजून सांगते. व्याह्यांकडे दुधाळ, गोड, कोमट चहा आला. भावजींनी घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात गेले. विहीणबाई ओट्याशी उभ्या. हे म्हणाले, "जरा सरकता का?" लेकीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सगळ्यांना त्यांनी आपल्या हातचा चहा पाजला आणि होणारे व्याही ग्लास चाटूनपुसून म्हणाले, "लग्न ठरलं. पण तुम्ही अधूनमधून यायचं."

ताई मात्र मूळची कॉफीवाली. माहेरी सकाळची कॉफी ठरलेली. लग्न झाल्यावर पहिल्याच सकाळी तिने घाबरत घाबरत विचारलं, "घरात कॉफी असते का?" भावजी म्हणाले, "कॉफी? का, कोण आजारी आहे?" घर हसलं, तीही हसली, आणि तेव्हापासून चहा प्यायला लागली. कारखान्यात तिच्या खणात कात्रीशेजारी कॉफीची छोटी बाटली असायची. जेवणाच्या सुट्टीत वॉचमनच्या किटलीतलं गरम पाणी घेऊन ती कॉफी करायची आणि भिंतीकडे तोंड करून प्यायची. मी एकदा म्हटलं, "अगं, घरी का नाही करत?" तर म्हणाली, "एका घरात दोन पातेली कशाला चढवायची? त्यांचा चहा होतोच की. त्यातच घोटभर जास्त." तिच्या बोलण्यात कडवटपणा नव्हता. तिला त्यांचं ते वेड आवडायचं, मला वाटतं. जगात एक तरी गोष्ट नक्की कशी हवी हे माहीत असलेला माणूस होता तो.

भावजी निवृत्त झाले. आणि वर्षही झालं नसेल, एका सकाळी त्यांच्या हातातून ग्लास निसटला. त्यांनी खाली सांडलेल्या चहाकडे पाहिलं, मग आपल्या हाताकडे. ताईला वाटलं, चटका बसला. त्यांच्या हाताला चटका कसा बसेल, हे तिच्या डोक्यात यायच्या आत त्यांचं तोंड वाकडं झालं होतं.

उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. नाकातून नळी घातली. मी रोज कारखाना सुटला की जायचे. एकदा मोठ्या हौसेने थर्मास भरून कॉफी नेली, दूध-साखर घालून, तिला आवडते तशी. तिने झाकणात ओतली, तोंडापर्यंत नेली आणि तशीच परत थर्मासात ओतली. "त्यांची जीभ बघ कशी वाळलीय," म्हणाली. "त्यांच्यासमोर घशाखाली नाही उतरत गं."

नळी काढल्यावर गिळायचं शिकवणाऱ्या थेरपिस्ट बाई आल्या. चांगल्या होत्या, घाई नव्हती त्यांना. त्यांनी चमच्याने पाणी दिलं. भावजी इतके खोकले की डोळे लाल झाले. मग डॉक्टरांनी ताईला आणि लेकीला समजावलं. गिळताना श्वासनलिका नीट झाकली जात नाही. पाणी, दूध, चहा, जे जे पातळ ते फुप्फुसात जाऊ शकतं. तेव्हा प्यायचं ते सगळं औषधाच्या दुकानात मिळणारी एक पावडर घालून दाट करून द्यायचं, चमच्या चमच्याने. थेरपिस्ट जाता जाता असंही म्हणाल्या की अशा आजारात कधीकधी चवीतही फरक पडतो. तेव्हा एवढी काय काय काळजी डोक्यावर होती की त्या वाक्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही.

भावजींना घरी आणलं. भाड्याचा पलंग बाहेरच्या खोलीत लावला. ताईने त्यांच्या पद्धतीने चहा केला, कोमट होऊ दिला, ती दाट करायची पावडर घालून ढवळला. "खळ गं," दुसऱ्या दिवशी मला सांगत होती. "आपल्या कॉलरला लावतात ना, तसली खळ झाली. चमचा उभा राहिला त्यात." भावजींनी पहिला चमचा तोंडात घेतला. गिळला नाही. तिच्याकडे बघत बघत तोंडाच्या कोपऱ्यातून तो बाहेर सोडला. ती पुसत राहिली.

शब्द थोडेच उरले होते त्यांच्याकडे. "नको", "चल", "चहा" आणि एक शिवी. शिवी मात्र स्पष्ट यायची, अगदी पूर्वीसारखी. सुरुवातीला त्या शिवीवर आम्ही हसायचो. थेरपिस्टना पहिल्यांदा ऐकवली तेव्हा त्याही हसल्या. शेजारच्या घरात दुपारी चहा उकळायला लागला की भावजी मान त्या भिंतीकडे वळवायचे आणि म्हणायचे, "चहा." आधी सांगितल्यासारखं, मग विचारल्यासारखं, मग नुसतंच.

लेक रजा घेऊन आली होती. दुसऱ्या शहरात कुरिअरच्या ऑफिसात असते. कामाला वाघीण. औषधं, व्यायाम, कूस बदलणं, सगळं तिने हातात घेतलं आणि चहाचा डबाच घरातून काढून टाकला.

"आई, तू फार मऊ आहेस," ती म्हणाली. "त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं की तू विरघळशील."

"त्यांना एकच गोष्ट हवीय गं."

"आणि मला बाबा हवेत."

"मला नकोत का?"

दोघी एकमेकींकडे पाठ करून रडल्या, असं ताईनेच मला सांगितलं.

भावजींनी हळूहळू सगळंच तोंडाबाहेर सोडायला सुरुवात केली. भात नको, खीर नको, पाणी तर नकोच. चमचा दिसला की दात घट्ट. ज्या माणसाने लोखंडी दोर खांद्यावरून नेले त्याच्या बरगड्या चादरीतून दिसायला लागल्या. डॉक्टर घरी येऊन गेले. त्यांनी परत नळी घालावी लागेल म्हटलं. मागच्या वेळी भावजींनी डाव्या हाताने ती एकदा उपटून काढली होती, रक्त आलं होतं.

ताई डॉक्टरांच्या मागे जिन्यापर्यंत गेली. "डॉक्टर, एकदाच साधा चहा दिला तर?"

डॉक्टर थांबले. "काकू, मी हो म्हणू शकत नाही. न्यूमोनिया होऊ शकतो. त्यांच्यात आता तो सोसायची ताकद नाही."

"आणि नाही दिला तर?"

"तर नळी," ते म्हणाले. आणि जिना उतरून गेले.

लेकीला ऑफिसात तोंड दाखवणं भाग होतं, म्हणून ती तेवढ्यापुरती गेली. आली की नळीचं बघू, असं ठरलं. ती गेल्यावर ताईचा मला फोन आला. "सुट्टी काढून येतेस?"

मी गेले तेव्हा ओट्यावर चहाचं नवं पाकीट होतं. मी म्हटलं, "ताई, लेकीला विचार आधी."

"विचारलं तर ती नाही म्हणेल. आणि तिचं बरोबरच आहे," ताई म्हणाली आणि गॅस पेटवला.

तिने पाणी खळखळू दिलं. भांड्यापासून हलली नाही. दूध शेवटी घातलं, रंग डोळ्यांनी मोजून. तो वास घरभर पसरला तसे भावजी जागे झाले. डावा हात चादरीवरून वर आला. आम्ही दोघींनी मिळून त्यांना पलंगावर सरळ बसवलं, हनुवटी खाली धरली, थेरपिस्टने शिकवलं होतं तसं. त्यांचा तो जाड ग्लास ताईने त्यांच्या ओठांना लावला. भाजणार नाही इतपत निवू दिला होता, तेवढीच काय ती तडजोड.

पहिला घोट गेला. भावजींनी डोळे मिटले. दुसरा गेला, थोडा ठसका लागला, निभावला. मग त्यांनी डोळे उघडले, ग्लासात पाहिलं आणि तो बाजूला सारला.

"नको."

"अहो, साधा आहे. ती दाट करायची पावडर नाही घातली. तुमचाच आहे."

"चहा," भावजी म्हणाले.

"हाच चहा."

त्यांनी मान हलवली. तिच्याकडे असं पाहिलं की जणू त्यांना चहा न देण्याच्या कटात तीही सामील आहे. ताईने स्वतः एक घोट घेतला, मला दिला. कडक, तांबूस, अगदी जसा असायचा तसा. ती म्हणाली, "फिका झाला असेल," आणि धावत जाऊन दुसरा टाकला, चहाची पावडर दुप्पट. त्याचा एक घोट त्यांनी तोंडात धरला आणि थुंकला. डाव्या हाताचा फटका बसून ग्लास पलंगाखाली गेला. "चहा," ते म्हणत राहिले, "चहा, चहा." समोर चहा सांडलेला, अंगावर चहा, खोलीत चहाचा वास, आणि तो माणूस चहा मागत होता. मग रडायला लागले. तोंड वाकडं असल्यामुळे ते रडणं हसल्यासारखं दिसत होतं.

तेव्हा मला थेरपिस्टचं ते चवीबद्दलचं वाक्य आठवलं. ताईलाही आठवलं असावं, कारण तिने तिसऱ्यांदा भांडं चढवलं नाही. जो चहा ते मागत होते तो कोणत्याच भांड्यात होणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताप भरला. संध्याकाळपर्यंत छाती घरघरायला लागली. ॲम्ब्युलन्समध्ये बसल्या बसल्याच ताईने लेकीला फोन केला, आणि हॉस्पिटलात पोचल्यावर कोणी काही विचारायच्या आत डॉक्टरांना सांगितलं, "मी चहा दिला. साधा." डॉक्टरांनी लिहून घेतलं, तिच्याकडे पाहिलं नाही.

लेक धावतपळत आली. आईला बाकावरून उठवून तिने अगदी हळू आवाजात म्हटलं, "तू मारलंस त्यांना." ओरडली असती तर बरं झालं असतं. ताई म्हणाली, "हो."

भावजी थोडे दिवस काढून गेले. वॉर्डात फरशी पुसणं चालू होतं. पुसणाऱ्या बाईनेच ताईला म्हटलं, "अहो, जरा बघा, श्वास दिसत नाहीये."

त्यानंतर जे काही करायचं असतं ते लेकीने केलं, नेटकं, एकही गोष्ट न विसरता. आईशी कामापुरतं बोलायची. भेटायला येणारे बसायचे, काय घेणार म्हणून ताईने विचारलं की लेक मध्येच म्हणायची, "त्यांना पाणी दे." पलंगवाले येऊन पलंग घेऊन गेले.

लेक निघायच्या दिवशी बॅग दारात ठेवून स्वयंपाकघरात आली. ताई भांडी पुसत होती.

"आई, किती प्यायले होते?"

"दोन-तीन घोट."

लेकीने दाराची चौकट धरली. मग म्हणाली, "आवडला त्यांना?"

ताईने हातातलं भांडं खाली ठेवलं. "हो," म्हणाली. "डोळे मिटून घेतले. पूर्वी घ्यायचे ना, तसे."

लेक तिथेच कोसळली. आईच्या कमरेला मिठी मारून, लहानपणी रडायची तशी रडली. "मग बरं झालं गं," म्हणत राहिली, "मग बरं झालं." ताई तिच्या केसांतून हात फिरवत होती.

हे सगळं ताईने मला मशीनवर बसल्या बसल्या सांगितलं, पट्टीवरून नजर न उचलता. ती परत कामाला यायला लागली होती. खणातली कॉफीची बाटली तिने केव्हाच मला देऊन टाकली होती. सुट्टीत वॉचमनकडचं गरम पाणी नुसतंच पिते. काय घेतेस विचारलं की म्हणते, "मला आता काही हवंसं वाटत नाही."

"लेक फोन करते का?" मी विचारलं.

"करते ना. रोज करते. आता आमचं छान चाललंय." तिने दोरा तोडला. "दर वेळी तेच विचारते. परत सांग म्हणते, बाबा कसे प्यायले ते. तिला तेवढाच आधार आहे गं. मग मी सांगते. तेच तेच किती सांगणार, थोडं वाढवावं लागतं. परवा सांगून बसले की ग्लास रिकामा केला आणि माझ्याकडे बघून हसले."

पुढच्या पट्टीला सुई लावताना तिचा हात थांबला.

"रात्री डोळे मिटले की मला ते रडतानाच दिसतात," ती म्हणाली. "आणि हे तिला कधीच सांगता येणार नाही."

मी तिच्या हातातली पट्टी घेतली आणि शिवायला लागले. ती तशीच बसून राहिली.