हजेरीपटावर नसलेले पाच जण

खोटी नावं पकडण्यात आपला हात धरणारा कोणी नाही, असं मला त्या वर्षांत वाटायचं. वऱ्हाडात शेतीचे दिवस वाईट होते. मदतीच्या याद्या यायच्या, आणि यादी आली की पडताळणी आलीच. अमरावतीच्या आमच्या शेती-सल्ला संस्थेत मी अधीक्षक होतो. एकाच अंगठ्यापुढे पाच नावं दिसली की ती बोगस. आधी कमी करायची, खरा माणूस असेल तर येईल भांडायला, ही आमची रीत. ती माझ्या इतकी अंगात भिनली की बायकोनं बारशाच्या पाहुण्यांची यादी दाखवली तरी माझा हात लाल पेनाकडे जायचा.

संस्थेची मेल अकोला शाखेतली एक बाई सांभाळायची. कंत्राटावर, तिशीतली. घरी उर्दू, कचेरीत आमच्यासारखीच ठसक्याची मराठी. त्या वर्षी तिनं सगळ्यांची मेलखाती डेटाबेसच्या एका तक्त्यात बसवली. महिनाअखेरीला तिचं कंत्राट पुन्हा व्हायचं होतं. त्याआधी साहेबांनी तो तक्ता छापून माझ्यापुढे टाकला. "हजेरीपटाशी मिळवून घ्या."

मिळवला. पाच नावं जास्तीची निघाली! रूट, पोस्टमास्टर, अब्यूज, होस्टमास्टर, मेलर-डेमन. पगारपत्रकात नाहीत, रजेच्या वहीत नाहीत. आणि पाचांचं टपाल जाणार कुठं, तर एकाच पत्त्यावर, बाईच्या. अब्यूजचा अर्थ मी डिक्शनरीत पाहिला: गैरवापर. गैरवापराचं खातं गैरवापर याच नावानं उघडते म्हणजे बाई किती निर्ढावलेली, असं मी साहेबांना सांगितलं. ती सगळ्यांची पत्रं चोरून वाचत असावी, अशी दीड पानाची टिपणी लिहिली आणि आमच्या ऑपरेटरकडून पाचही नावं खोडवली.

साहेबांनी कंत्राटाचा कागद खणात सारला.

आठवडा गेला नाही तोच आमची बाहेर जाणारी मेल परत येऊ लागली. दर्यापूर, चांदूर बाजारच्या केंद्रांना कपाशीवरच्या किडीचा सल्ला मेलनं जायचा. तो आता छापून, जीपवाल्याच्या हाती देऊन पाठवावा लागला.

"बाईनंच केलं असन," साहेब म्हणाले.

"दुसरं कोण?" मी म्हणालो. माझी तर खात्रीच होती.

बोलावणं गेलं तशी ती सकाळच्या बसनं आली. टिपणी साहेबांनी तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उभ्यानं वाचली आणि माझ्याकडे वळली.

"भाऊ, हे पाच जण काढले कोणं?"

"मीच. माणसंच नाहीत ती."

"नाहीतच. पदं आहेत. तलाठी बदलून गेला म्हणून तुमी कचेरी पाडता का?" ती खुर्ची ओढून मेलच्या सर्व्हरसमोर बसली. "रूट म्हणजे मशीनच. काही दुखलं-खुपलं तर या नावानं कळवते. बाहेरच्यांले आपली तक्रार करायची तर ते पोस्टमास्टरले, नाही तर अब्यूजले लिहितात. सगळ्या दुनियेत हीच नावं. पहिले मशीनले ती आपोआप माहीत होती. आता ते फक्त तक्ता पाहते. तक्त्यात नाव नाही, तर माणूस नाही. म्हणून मी हातानं भरली."

"मंग सगळं टपाल तुमच्याच घरी काहून?" मी अजून सोडायला तयार नव्हतो.

"दुसरं कोण वाचते? तुमी वाचता?"

तिनं नोंदी काढून दाखवल्या. आमची मेल पुढे पोचवणाऱ्या बाहेरच्या कंपनीनं अब्यूजला तीनदा लिहिलं होतं. आमच्या मशीननं तीनही पत्रं, असा कोणी इथं नाही म्हणून, परत धाडली होती. तिनं कंपनीला फोन लावला. तुमच्या कचेरीतला एक कॉम्प्युटर हजारो लोकांना कचरा पाठवतोय, कळवूनही थांबवत नाही, म्हणून तुमची मेल बंद केली, असं त्यांनी सांगितलं.

"कोणता कॉम्प्युटर?" साहेब कडाडले. मला वाटलं, चला, आता चोर सापडतो.

ती स्क्रीनवरचा कॉम्प्युटरचा नंबर कागदावर टिपून टेबलं मोजत निघाली. एक, दोन, तीन. माझ्यापाशी थांबली. मेलनं आलेलं दिवाळीचं हलतं-चमकतं शुभेच्छापत्र मी उघडलं होतं; व्हायरस त्यातूनच शिरला होता. पाठवणाऱ्याला ओळखत नव्हतो, पण पणत्या छान होत्या.

तिनं माझ्या कॉम्प्युटरची वायर उपटली, पाचही नावं परत भरली आणि साहेबांपुढे उभी राहिली. "माह्या कंत्राटाचं काय, साहेब?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "नवीन टिपणी लिहून देतो."

"नवीन नाही," ती म्हणाली. "पुढचा साहेब आला की तो पहिलंच पान वाचीन. चोर लिहिलं ना, त्याच पानावर लिहा."

लिहिलं. आरोप चुकीचा, टिपणी करणाऱ्यास विषय समजलेला नव्हता, खाली सही. 'समजलेला नव्हता' लिहिताना पेन जरा अडलं. साहेबांनी एक वर्षाचं कंत्राट सही करून दिलं. तिनं ते पर्समध्ये घातलं, पण जाईना.

"त्या पानाचं झेरॉक्स पाहिजे."

मी स्वतः काढून आणलं. दारात उभी राहून तिनं ते मूळ कागदाशी ओळीनं ओळ ताडून पाहिलं, मागची बाजूही उलटून पाहिली. तिची अकोल्याची बस निघायला आली होती. मी मूळ कागद धरून उभा राहिलो, तिचं पाहून होईस्तोवर.