बाहेरून कडी असलेली बोट

ताईने बोट विकायला काढली तेव्हा धक्क्यावरचे लोक म्हणाले, नवरा गेला, आता बाईमाणसाला झेपणार कशी? मला हसू आलं. महासागर ओलांडणारी ती शिडाची बोट ताई वर्षानुवर्षं हाकत होती. भावोजी बंदरात सुकाणूचा दांडा तिच्या हातात देत नसत एवढंच. बंदर मागे पडलं, बघणारं कुणी उरलं नाही, की दांडा ताईकडे आणि भावोजी आत घोरायला.

ताई म्हणजे माझी थोरली बहीण. आमच्या वडिलांचं ताडपत्र्या शिवायचं दुकान होतं. तळहाताला चामड्याची पट्टी बांधून, बोटभर लांब सुई जाड कापडातून आरपार रेटायची, हे ताईचं रोजचं काम. शाळेत एका पोरीने माझी वेणी ओढली म्हणून ताईने तिला गेटावर असं बदडलं होतं की तिची आई भांडायला दुकानात आली, ताईचे हात बघितले आणि दोन वार सुतळी विकत घेऊन निघून गेली.

भावोजी त्याच दुकानात फाटलेलं शीड घेऊन आले. त्यांना सगळे कॅप्टन म्हणत, म्हणजे ते म्हणायला लावत. मी कधी म्हटलं नाही. शीड शिवून झालं, लग्न झालं, आणि त्यांना जन्माची फुकट शिवणारी मिळाली. मी हे तेव्हाही म्हटलं होतं आणि आईने माझ्या पाठीत धपाटा घातला होता.

अशा हातांची बाई मार कशी खाते, असं मला लोक विचारतात. जमिनीवर तिने खाल्लाच नसता. पण चहूकडे पाणी असताना उलटून मारलं आणि दोघांतलं एक जायबंदी झालं, तर वादळात शिडं कोण उतरवणार? दोघंही तळाला. भावोजींना हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून किनारा दिसेनासा होईपर्यंत ते हात उचलत नसत. तोपर्यंत गोडीगुलाबी, मग लाथाबुक्क्या. दोर ओढायच्या चरकाला एक लोखंडी हँडल असतं, त्या हँडलने त्यांनी तिचं मनगट मोडलं. एकदा तिची भुवई फोडली आणि रक्त बोटीच्या फळ्यांवर सांडलं म्हणून तिच्याकडूनच पुसून घेतलं. भुवई तिने आरशात बघून, शीड शिवायच्या दोऱ्याने शिवली. घरी आल्यावर मला म्हणाली, "टाका सरळ आलाय की नाही बघ." मी रडत होते आणि ती टाका दाखवत होती.

केबिनच्या दाराला त्यांनी बाहेरून कडी बसवली होती. तिने तोंड उघडलं की आत ढकलायचं आणि कडी लावायची. बोट हेलकावे खातेय, आत काळोख, आणि वर भावोजी शिट्टी वाजवतायत. आजही कुणी शिट्टी वाजवली की ताई हातातलं काम थांबवते.

ते कसे गेले हे तिने मला एकदाच सांगितलं, आमच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना.

मोठ्या शिडाच्या खालच्या कडेला एक जाडजूड आडवा वासा असतो, बूम म्हणतात त्याला. वारा मागून असला की तो एका अंगाला पार बाहेर जाऊन राहतो. बोट चुकीच्या बाजूला जराशी जरी वळली, तरी वारा शिडाच्या मागच्या अंगाला भरतो आणि तो वासा एका झटक्यात बोटीवरून दुसऱ्या बाजूला येतो. वाटेत डोकं असलं तर डोकं जातं. म्हणून त्याला एका दोरीने पुढे जखडून ठेवतात. ही दोरी बांधायला ती एकदा विसरली होती, तेव्हाही तिने मार खाल्ला होता.

त्या दिवशी दोरी भावोजींनी स्वतः सोडली होती, नवी बांधायला. वारा वाढत होता. ताई म्हणाली, आधी शीड कमी करा, फाटेल. बायकोने कॅप्टनला शिकवलं! ते दोरी टाकून, हँडल हातात घेऊन केबिनच्या छपरावरून तिच्याकडे निघाले.

"दर वेळी मारायच्या आधी तो हाताकडे बघायचा, पायाकडे बघायचा," ताई म्हणाली. "या वेळी माझ्या डोक्याकडे बघत येत होता. मी सुकाणूचा दांडा ढकलला."

भावोजी जिवंत होते तेव्हा ती त्यांना 'हे' म्हणायची. त्या दिवसापासून 'तो' झाला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

बूमने त्यांची कवटी फोडली आणि त्यांना कठड्याच्या तारेवरून पाण्यात फेकलं. छपरावर रक्त आणि केस राहिले. ताईने बोट वळवली, अंधार पडेपर्यंत शोधलं.

"सापडला असता तर काय केलं असतंस?"

"वर ओढला असता. आणि पुन्हा मार खाल्ला असता." तिने कढई खंगाळली. "चौकशीला मी वारा फिरला म्हणून सांगितलं. वारा नव्हता फिरला. मी बोट फिरवली."

मी म्हटलं, बरं केलंस. आजही तेच म्हणेन.

मी तिला बोट जाळून टाकायला सांगत होते. ती ऐकेना. "बोटीने काय केलंय? चांगली आहे बिचारी. चांगल्या घरी जाऊ दे." तिला ती डोळ्यांसमोरून जायला हवी होती, पण वाटेल त्याच्या हातात नको होती. गिऱ्हाइकं आली. कुणी ठोकून बघितलं, कुणी वासाने नाक मुरडलं. मग एक जोडपं आलं. माणूस अगदी साखर घोळून बोलणारा, शर्टाला परीटघडी. बायको त्याच्या मागे एक पाऊल. ताईने तिला विचारलं, "पाणी देऊ?" ती म्हणाली, "ह्यांना विचारा." समुद्राची सवय आहे का? "ह्यांना विचारा." मला वाटलं, हिचं नाव विचारलं तरी हेच म्हणेल.

चाचणीसाठी बोट बाहेर काढली, मीही सोबत गेले. बायको केबिनमध्ये उतरली होती. गिऱ्हाइकाची नजर कडीवर गेली.

"ही बाहेरून कशाला?"

"आधीच्या मालकाने बसवली," ताई म्हणाली.

"बेस्ट!" त्याने दार ओढलं, कडी लावली आणि आमच्याकडे बघून हसला. "बघू, काय करते ती."

आम्ही वाट बघत राहिलो. पहिल्यांदा कोंडलेलं माणूस दार वाजवतं, हाका मारतं, चिडून का होईना ओरडतं. आतून काहीच आवाज आला नाही. त्याने कडी काढली तेव्हा ती खालच्या पायरीवर गुडघे जवळ घेऊन बसली होती, नेहमीच्या जागी बसावं तशी. वर येताना तिचा पाय दोरात अडकला. त्याने तिच्या दंडाचं मांस चिमटीत धरून पिळलं, अगदी हसत हसत.

माझं डोकं फिरलं. चरकाचं हँडल माझ्या हाताशीच होतं आणि ते मी उचललंही. ताईने माझा हात दाबून ते खाली ठेवायला लावलं.

"याला विकायची नाही," मी दातओठ खात कुजबुजले.

"नाही विकली तर हा दुसरी घेईल. तिथे हिला शिकवणार कोण?"

मग ती मोठ्याने म्हणाली, "साहेब, तुम्ही पुढे छपरावर उभे राहा, भरल्या शिडाचा फोटो फार छान येतो. तोवर बाईसाहेब दांडा धरतील."

"हिला? हिला डावं-उजवं कळत नाही!"

"म्हणूनच तर."

तो फोन काढून पुढे गेला. ताईने बायकोला शेजारी बसवलं, तिचे हात दांड्यावर ठेवले आणि वर स्वतःचा हात ठेवला. वारा मागून होता, बूम डावीकडे पार बाहेर.

"नीट ऐक. ही दोरी बांधलेली असली की छपरावरच्या माणसाला काही होत नाही. आता मी ती सोडते. बूम डावीकडे असला तर दांडा उजवीकडे ढकलायचा. हळू नाही, एकदम. माझा नवरा बरोबर तिथेच होता, तुझा आहे तिथे. हातात लोखंड घेऊन येत होता. मी ढकलला."

बायकोने पहिल्यांदा मान वर करून ताईकडे बघितलं. ताईच्या भुवईवरच्या टाक्यांच्या वणाकडे बराच वेळ बघितलं.

"साहेब, खाली पडा!" ताई किंचाळली आणि दोघींच्या हातांनी दांडा ढकलला गेला.

तो पालथा पडला म्हणून वाचला. बूम त्याची टोपी घेऊन गेला. डोलकाठी मुळापासून हादरली, फोन पाण्यात गेला, त्याचं नाक छपरावर आपटून फुटलं. रक्ताने माखलेलं तोंड वर करून तो बायकोवर ओरडला, "घरी चल, तुझी चामडीच सोलतो!" आणि उठायला लागला.

"साहेब, पडून राहा," ताई म्हणाली. "बूम अजून मोकळा आहे."

तो तसाच आडवा राहिला, दोन्ही हातांनी छपराची कड धरून. बायकोचे हात दांड्यावरून निघाले नव्हते. दंडावर जिथे त्याने पिळलं होतं तिथे काळंनिळं उमटायला लागलं होतं. तिने बूम आता कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, नवऱ्याचं डोकं पुन्हा वर यायला लागलंय ते बघितलं.

"ताई, आता डावीकडे ढकलायचा ना?" ती म्हणाली. "परत एकदा दाखवा. हा उठतोय तेवढ्यात."