दर्याकडे पाठ

अलिबागच्या किनाऱ्यावर एक म्हातारा कोळी रोज संध्याकाळी दर्याकडे पाठ करून जाळं सांधत बसायचा. हात जाळ्यात, नजर रस्त्यावर. कचेरी सुटली की मी त्याच्या पुढूनच जात असे. उन्हाची तिरीप चुकवत असेल, एवढंच मला वाटे.

त्या हिवाळ्यात माझी मावशी सर्व्हिस मोटारीनं घाट उतरून आमच्याकडे आली. तिनं जन्मात समुद्र पाहिला नव्हता. मी तिला किनाऱ्यावर नेलं आणि पाण्यातल्या किल्ल्याची माहिती सांगू लागलो. तिचं लक्षच नव्हतं. तोंडाला पदर लावून ती नुसती बघत राहिली. मग तिला तो म्हातारा दिसला.

"अहो बाबा, एवढं मागं पसरलंय आणि तुम्ही पाठ फिरवून बसलाय?"

त्याचे हात केव्हाच थांबले होते. तो तिच्याकडेच बघत होता.

"दर्या रोजचाच हाय, बाय. पयल्यांदा दर्या बगनाऱ्याचा तोंड रोज न्हाय मिलत. आज तुमचा मिलला."

मावशी लाजून हसली. मला राहवेना. "आणि मी रोज जातो तो?"

"तुमचाबी बगला ना," तो म्हणाला. "पन तुमी दर्या कवा बगलाच न्हाय."

मावशी गावी गेल्यावर एका संध्याकाळी मी मुद्दाम त्याच्या समोर थांबलो आणि त्याच्या डोक्यावरून, चांगले डोळे मोठे करून, समुद्र पाहिला. त्यानं मान वर केली, माझं तोंड नीट निरखलं आणि पुन्हा जाळं सांधायला घेतलं.