बस वळवायला जागा

दिग्याला जाऊन दोन महिने झाले, पण त्याचे किस्से वाढतच चाललेत! आम्ही चौघे तामसीत चहाला बसलो की एक जण सांगायला घेतो, दुसरा त्याच्या चुका काढतो आणि त्यातून तिसराच किस्सा निघतो. पहिलीपासून आम्ही पाचही जण एका वर्गातले. त्यातला एक कमी आहे, हे आवाजावरून कळत नाही.

*

आमचं गाव तामसीपासून आत. बस फाट्यापर्यंतच यायची. पोरं कुणाच्याही गाडीवर लटकून आदिलाबादच्या कॉलेजात जायची. पोरींचं शिक्षण दहावीला संपायचं. दिग्याची बहीण सविता शाळेत पहिली आली आणि दुसऱ्या महिन्यापासून कापसात निंदायला जाऊ लागली.

दिग्या म्हणाला, “गावात बस आणल्याशिवाय मी चूप बसत नाही.”

तसा तो कधीच चूप बसला नव्हता!

*

मी तेव्हा नुकताच डिग्री घेऊन आलो होतो. अर्ज-विनंत्यांचा मला भारी राग. म्हणालो, “मोर्चा काढू! अख्खं गाव डेपोवर नेऊ!”

दिग्या शांतपणे म्हणाला, “नेऊ ना. कायनं नेतं? बस हाय का?”

*

डेपोतले साहेब म्हणाले, “तुमच्या गावात बस वळवायला जागा नाही.” खरंच नव्हती. मारुतीसमोरचं मैदान उकिरड्यांनी भरलेलं. ज्याला विचारावं त्याचं एकच उत्तर : “आधी त्याचा उचला, मंग माहा.”

एका सकाळी दिग्यानं स्वतःच्या बापाचा उकिरडा गाडीत भरून शेतात नेऊन टाकला. बाप काठी घेऊन मागे!

“अबे, हे काय खत टाकायचे दिवस हायेत?”

दिग्या पळता पळता ओरडला, “बाबा, यंदा मी बस पेरून राह्यलो!”

गाव इतकं हसलं, की बाकीचे उकिरडे आठ दिवसांत उचलले गेले.

*

मग आम्ही डेपोत गेलो. उभ्या बसला दिग्या चारी बाजूंनी दोरी लावायला लागला. कंडक्टर धावत आला, “क्या कर रहा रे?”

“माप ले रहा हूँ. शर्ट सिलाना है इसको!”

तीच दोरी घेऊन गावात चाळीस माणसं चौकोन करून उभी राहिली. ही आमची बस! पुढे दिग्या, हातात स्टीलची ताटली, तेच स्टेअरिंग. मागे सरपंच कंडक्टर. पहिल्या फेरीत मागचे चार जण मारुतीच्या ओट्यावर आदळले. दिग्या ओरडला, “डावीकडच्यांनो, तुमी चाक हाय! चाकासारखे चाला!” दुसऱ्या फेरीत बस न थांबता वळली.

साहेबांना या फेरीचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ दाखवला. ते हसत राहिले आणि चौथ्या दिवशी स्वतः जागा बघायला आले.

*

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा दिग्या दवाखान्यात होता. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मी पत्र घेऊन धावत गेलो. वाटलं, रडेल. त्यानं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि माझ्याच हातात परत दिलं.

“कॉलेज नऊले भरते अन् बस साडेनऊची लिवली! आमच्या पोरी काय सुट्टी झाल्यावर जातीन? जाय, बदलून आण.”

मी चिडलो, पण गेलो. डेपोचे पाच खेटे घातले. वेळ आठची करून आणली.

तोवर दिग्या नव्हता.

*

पहिली बस आली त्या सकाळी बायकांनी पोळ्याच्या बैलासारखं तिच्या चाकांवर पाणी ओतलं, काचेला कुंकू लावलं. ड्रायव्हर मंचेरियलकडचा तेलुगू माणूस, बिचारा सीटवर अवघडून बसला. मग त्यानं एका दमात बस वळवली. रिव्हर्स न घेता! अशा शिट्ट्या वाजल्या, की कुत्री पळाली. अकरा पोरी चढल्या. सविता खिडकीशी बसली.

बस सुटणार, तेवढ्यात दिग्याची आई घरातून आली. तो गेल्यापासून ती उंबऱ्याबाहेर पडली नव्हती. गर्दी आपोआप बाजूला झाली. ती चढली आणि ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली.

कंडक्टरनं विचारलं, “किधर जाना, अम्मा?”

“कुठंच नाही. मले वळताना दिसली नाही. अजून एकडाव वळव.”

कंडक्टरनं घड्याळ पाहिलं. ड्रायव्हरला मराठी किती कळत होतं, कोण जाणे. त्यानं गिअर टाकला आणि अकरा पोरींसकट अख्खी बस मारुतीसमोर पुन्हा गोल फिरवली.

दिग्याची आई उतरली. दाराच्या दांड्यावर दोनदा थाप मारून म्हणाली, “जा आता. पोरीयले उशीर होते.”